गळ्यात रौप्य, तिकीट मात्र चीनकडं : महिला हॉकी आशिया कप

पार्कचौक_वाला | १४ सप्टेंबर २०२५, रात्री ११:५२

क्रिकेट बघून झालं असेल तर जरा इकडं बघा मंडळी. आज हांगझोऊला महिला हॉकी आशिया कपची फायनल होती, भारत-चीन, आपण ४-१ नं हरलो. मी दुकानात काउंटरखाली मोबाईल लावून बसलेलो, पहिल्याच मिनिटाला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि नवनीत कौरनं टाकला की आत, मी ओरडलो तर गिऱ्हाईक म्हणतंय ओ मालक चादर दाखवताय का मॅच बघताय. नंतर ओरडायची वेळच आली नाही. २१ व्या मिनिटाला त्यांनी बरोबरी केली, ४१ ला पुढं गेले, ५१ आणि ५३ ला दोन टाकून विषय संपवला.

हरलो तर हरलो, चीन भारी खेळला, त्याचं काय नाही. मला खुपतंय ते वेगळं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नेदरलँड्स-बेल्जियमला वर्ल्ड कप आहे आणि आशियातनं थेट तिकीट फक्त एकाला, जो कप जिंकेल त्याला. दुसरा नंबर आला तरी हात रिकामाच. गेल्याच रविवारी राजगीरला पुरुषांच्या आशिया कपात पोरांनी कोरियाला ४-१ नं हरवून तिकीट खिशात घातलं आणि आज तोच स्कोअर पोरींच्या उलट्या बाजूला. आता त्यांना पुढच्या वर्षी परत पात्रता स्पर्धा खेळायची.

माझं मत आधीच सांगतो, नियमाच्या नावानं बोंबलून उपयोग नाही, आपण फायनलच्या आधीच दोनदा हातातली मॅच सोडलीय. तुम्हाला काय वाटतं लिहा. आणि कृपा करून दुबईत भारत-पाक क्रिकेट मॅचला हात मिळवला का नाही मिळवला ते इथं नको, त्याला दुसरा धागा चालू आहे.

शेंगाचटणी | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१०

खरं सांगू का लगा, काल फायनल आहे हेच माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत पडदा लावून क्रिकेट बघायलेत सगळे, हॉकी त्याच्या आधीच संपली होती आणि एकानं पण विषय काढला नाही. ऑलिंपिकला मेडल आलं की मग सगळ्यांना हॉकी आठवते, मी पण त्यातलाच. पण हे तिकिटाचं डोक्यावरनं गेलं. दुसरा नंबर आला तरी वर्ल्ड कप नाही? मग आशिया कपचं रौप्य काय शोकेसमध्ये ठेवायला देतात का?

लेफ्ट_हाफ | १५ सप्टेंबर, सकाळी ९:३४

मी स्वतः विद्यापीठापर्यंत खेळलेय म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर खाली सरका.

वर्ल्ड कपला १६ टीम. त्यात दोन यजमान, दोन प्रो लीगमधून (बड्या टीमची वर्षभर चालणारी लीग), पाच खंडांचे पाच विजेते, झाले नऊ. उरलेल्या सात जागा पात्रता स्पर्धांमधून भरणार. म्हणजे आपला रस्ता बंद झालेला नाही, फक्त लांबला. आणि हा "एकालाच तिकीट" प्रकार नवीन नाहीये, मधे एकदा सैल झाला होता म्हणून आपल्याला सवय लागली. जानेवारी २०२२ ला मस्कतला आशिया कप झाला त्यात आपण सेमीला कोरियाकडून ३-२ हरलो, मग चीनला हरवून तिसरे आलो, आणि तरीही वर्ल्ड कपला गेलो, कारण त्या वेळी पहिल्या चार टीमना जागा होती. कोरोनामुळं मधल्या पात्रता स्पर्धा रद्द झाल्या आणि त्या जागा खंडांच्या स्पर्धांमध्येच वाटून टाकल्या. तेव्हा कांस्यावर तिकीट, आता रौप्यावर नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं पण कारण एवढंच आहे.

२०१७ ला जपानमध्ये काकामिगाहाराला आपण हाच कप जिंकलेला, समोर चीनच होता, १-१ झाल्यावर शूटआऊटला ५-४. सविता पुनिया गोलमध्ये होती. ती मॅच ज्यांनी बघितली नाही त्यांनी शोधून बघा.

सातरस्ता_एक्सप्रेस | १५ सप्टेंबर, सकाळी ११:०२

ताई माहिती भारी दिली पण मला नियम पटत नाही तो नाहीच पटत. ओशनियात खरी लढत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड दोघांतच असते, त्यातल्या एकाला तिकीट. इथं आशियात चीन, जपान, कोरिया, भारत चार चार टीम दमाच्या आणि जागा तेवढीच एक. चीनची पोरं पॅरिसला ऑलिंपिक रौप्य घेऊन आली, नेदरलँड्सला फायनलला शूटआऊटपर्यंत खेचलं होतं त्यांनी, असली टीम ज्या खंडात आहे तिथं दुसऱ्या नंबरची किंमत शून्य कशी काय? विठोबाच्या पदस्पर्शाच्या रांगेत दारापर्यंत पोचावं आणि तिथंच दार लागावं तसं झालं हे.

लेफ्ट_हाफ | १५ सप्टेंबर, दुपारी १:१५

@सातरस्ता_एक्सप्रेस चीनची पोरं नाही, पोरी :)

चार टीम दमाच्या हे बरोबर, पण मग बाकीच्या चारांचं पण बघा. आपण थायलंडला ११-० आणि सिंगापूरला १२-० हरवलं. पूलमध्ये खरी मॅच एकच, जपानची. जास्त जागा दिल्या तर कोरियाशी एक मॅच जिंकून वर्ल्ड कपला जाता येईल, मग चीनला हरवायची भूक राहणार कुठनं? आणि थोडं जुनं आठवा, २०१५ ला ऑलिंपिक पात्रतेच्या स्पर्धेत अँटवर्पला आपण पाचवे आलो होतो, जपानला हरवून, आणि नंतर दीड-दोन महिने युरोपच्या स्पर्धेकडं डोळे लावून बसलेलो. तिथं आधीच पात्र झालेल्या इंग्लंड आणि नेदरलँड्स फायनलला गेल्या, त्यामुळं एक जागा मोकळी झाली आणि आपल्या मुली १९८० नंतर पहिल्यांदा ऑलिंपिकला, रिओला गेल्या. म्हणजे खंडाच्या विजेत्याला जागा द्यायच्या ह्याच नियमाचा आपल्याला फायदा पण झालेला आहे.

पार्कचौक_वाला | १५ सप्टेंबर, दुपारी ३:४०

आता मी म्हणत होतो ते हातातल्या मॅचचं. जपानशी आपण दोनदा खेळलो ह्या स्पर्धेत. पूलमध्ये ऋतुजा पिसाळनं बरोबरी करून दिलेली, १-१ चालू होतं, ५८ व्या मिनिटाला जपाननं टाकला, आणि नवनीतनं शेवटच्या मिनिटाला वाचवलं, २-२. मग सुपर फोरला, म्हणजे पूलमधनं वर आलेल्या चार टीमच्या फेरीत, परत जपान. सातव्या मिनिटाला ब्यूटी डुंगडुंगचा गोल, ५० मिनिटं पुढं होतो की आपण, आणि परत ५८ व्या मिनिटाला खाल्ला, १-१. तेच मिनिट बे! फायनलला पण आपण आपल्या जोरावर गेलो असं म्हणता येत नाही, चीननं कोरियाला १-० हरवलं तेव्हा कुठं आपलं फायनल पक्कं झालं. त्याच चीननं सुपर फोरला आपल्याला ४-१ धुतलेलं होतं, मुमताझ खानचा एक गोल तेवढा. तीन दिवसांनी फायनलला परत ४-१. दोन मॅच, आठ गोल खाल्ले, दोन टाकले. ह्यात नियमाचा काय संबंध सांगा.

डी_च्या_बाहेर | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२१

तीन गोष्टी. एक, सविता आणि दीपिका दोघीही दुखापतीमुळं नव्हत्या. दीपिका नसली की आपल्याकडं कॉर्नरला खात्रीचा ड्रॅग फ्लिक (बॉल स्टिकनं ओढून उचलून मारायचा शॉट) राहत नाही, हे सगळ्या आशियाला माहीत आहे. कॉर्नरला सरळ हिट मारली तर पहिला शॉट गोलच्या फळीच्या उंचीच्या आत जायला पाहिजे, म्हणजे अठरा इंच, गोलकीपर पाय आडवे टाकून झोपली की संपलं. फ्लिकला ती अट नाही, वरच्या कोपऱ्यात पण टाकता येतं, म्हणून फ्लिकर नसेल तर रशर (कॉर्नर अडवायला गोलमधनं धावत येणाऱ्या) बिनधास्त पळत येतात. मग व्हेरिएशन करावी लागतात आणि ती पाठ नसतील तर बॉल स्टॉपलाच निसटतो.

दोन, ह्याच जूनमध्ये आपण प्रो लीगमध्ये सगळ्यात खाली राहिलो आणि बाहेर पडलो. त्याचा फटका पुढं आणखी बसणार, कारण नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया ह्यांच्याशी वर्षभर मॅच मिळत होत्या त्या आता बंद.

तीन, शेवटच्या क्वार्टरला दम. फायनलचे शेवटचे दोन्ही गोल बघा, आपली हाफ लाईन मागं पळतच नव्हती. चौथ्या क्वार्टरला हे चालत नाही.

शेंगाचटणी | १५ सप्टेंबर, रात्री ८:०५

अठरा इंचाचं मला आज कळलं. मी लहानपणापासनं बघतोय आणि वाटायचं ह्यांना वर मारता येत नाही.

माळशिरसकर | १५ सप्टेंबर, रात्री ९:४८

एवढं सगळं लिहिलं आणि आपल्या पोरींचं कुणीच नाही लिहिलं म्हणून येतोय. ऋतुजा पिसाळ आणि वैष्णवी फाळके दोघी साताऱ्याच्या. कोरियाला सुपर फोरला ४-२ हरवलं ना, त्यात दुसऱ्याच मिनिटाला वैष्णवीचा गोल आणि ५९ व्या मिनिटाला शेवटचा ऋतुजाचा, मधले संगीता कुमारी आणि लालरेमसियामीचे. म्हणजे उघडलं पण सातारनं आणि बंद पण सातारनं. वैष्णवीचं गाव आसू, फलटण तालुका. अक्षता ढेकळे पण तिकडचीच, वाखरीची. आणि फलटण तालुका म्हणजे आमच्या माळशिरसच्या शिवेला लागून, पालखीनं फलटण तालुका सोडला की पुढं नातेपुत्यालाच येते, तवा अर्ध्या तरी आमच्या समजा.

ऋतुजाचं अजून एक, ह्या जानेवारीत पहिल्यांदा मुलींची हॉकी इंडिया लीग झाली रांचीला, त्याची फायनल ओडिशा वॉरियर्सनं २-१ नं जिंकली, ते दोन्ही गोल हिचे. पेपरात कोपऱ्यात चार ओळी आलेल्या.

सातरस्ता_एक्सप्रेस | १५ सप्टेंबर, रात्री १०:१६

@माळशिरसकर अर्ध्या तुमच्या काय ओ, गोल टाकला की सोलापूर जिल्हा आणि हरल्या की सातारा जिल्हा असं करू नका म्हणजे झालं 😄

पण सीरियसली, एकाच तालुक्यातनं एवढ्या मुली कशा काय? आपल्या इथं काय कमी आहे?

लेफ्ट_हाफ | १६ सप्टेंबर, सकाळी ८:२२

कमी काय आहे ते सांगते. ह्या मुली गावात सुरुवात करून लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्या, तिथं राहणं, खाणं, शाळा आणि बालेवाडीचं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान. गावातल्या एका मोठ्या मुलीची निवड झाली की तिच्या मागनं धाकट्या मुलींचे आईबाप पाठवायला तयार होतात, खरी साखळी ती असते, तालुक्याच्या पाण्यात काय नसतं. आमच्या वेळी सोलापुरात आम्ही मुरमावर खेळायचो, बॉल कधी नडगीवर येईल सांगता यायचं नाही, त्यामुळं ट्रॅप करताना शरीर मागं घ्यायची सवय लागली. ती सवय घेऊन पहिल्यांदा पुण्यात टर्फवर उतरलो आणि अर्ध्या तासात कळलं की हा वेगळाच खेळ आहे. ओल्या टर्फवर बॉल सरळ आणि जोरात येतो, कमरेत वाकून स्टिक जमिनीला लावून पुढं जावं लागतं. मागं सरकलात की समोरची पोरगी बॉल घेऊन गेली.

विजापूररोड_आई | १६ सप्टेंबर, दुपारी १२:५७

नमस्कार, मी इथं नेहमी वाचते, लिहिते पहिल्यांदाच. माझी मुलगी सहावीत आहे, शाळेच्या टीममध्ये हॉकी खेळते, फॉरवर्ड. सरांचा शब्द आहे की मुलगी चपळ आहे पण शाळेत स्टिका जुन्या आहेत, काही तर टेप लावून चालवतात, आणि मुलांची प्रॅक्टिस असली की मुलींना मैदान मिळत नाही. घरात सासूबाईंचं म्हणणं हॉकीत दात जातात, कबड्डी खेळव त्यापेक्षा. परवाची फायनल आम्ही दोघींनी पूर्ण बघितली, हरल्यावर ती रडली नाही पण मला विचारते आई सलिमा टेटे कॅप्टन आहे तर ती एवढी बारीक कशी. क्रीडा प्रबोधिनीचं कसं असतं कुणी सांगेल का? आणि इतक्या लहान मुलीला बाहेर ठेवणं योग्य आहे का?

लेफ्ट_हाफ | १६ सप्टेंबर, दुपारी २:३०

स्वागत ताई. दातांसाठी माऊथगार्ड येतो, गरम पाण्यात टाकून दातांच्या मापाचा करायचा, आणि शिन गार्ड पहिल्या दिवसापासून, त्यात काटकसर नको. सासूबाईंना सांगा कबड्डीत गुडघे जातात.

प्रबोधिनीला निवड चाचण्या असतात, धावणं, उडी, मेडिसिन बॉल फेकणं, शटल रन असल्या, त्यात मुलीची चपळाई मोजतात. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन स्वतः विचारा, फॉर्म कधी निघतात ते व्हॉट्सॅपवर कळेल म्हणून बसू नका. लहान वयात बाहेर ठेवायचं का हा तुमच्या घरचा निर्णय, मी त्यात बोलणार नाही. माझ्या घरच्यांनी नाही पाठवलं, माझ्याबरोबरच्या एकीला पाठवलं, तिला पुढं खेळाडू कोट्यातनं नोकरी लागली. पण होम सिकनेसनं परत आलेल्या पण बघितल्यात मी.

आणि सलिमा बारीक आहे म्हणून तर मिडफिल्डमधनं सुटते, हे मुलीला नक्की सांगा.

डी_च्या_बाहेर | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ५:११

मूळ विषयावर परत येतो. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर कुणी बघितलंय का? आधी पात्रता स्पर्धा. त्यातनं पार पडलो तर ऑगस्टमध्ये वर्ल्ड कप. तो संपला की तीन आठवड्यांच्या आत, १९ सप्टेंबरला, जपानमध्ये आयची-नागोयाला एशियन गेम्स चालू. आणि लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं आशियाचं थेट तिकीट तिथल्या सुवर्णालाच. माझं स्पष्ट मत, वर्ल्ड कपचं दुःख करत बसण्यापेक्षा सगळा जोर एशियन गेम्सवर लावा. वर्ल्ड कपला सहावे आलो का नववे आलो कुणाला आठवत नाही, ऑलिंपिकला नाही गेलो की चार वर्षं स्पॉन्सर पण फोन उचलत नाहीत.

सातरस्ता_एक्सप्रेस | १६ सप्टेंबर, संध्याकाळी ७:४५

एशियन गेम्सचं तरी काय सोपं आहे? २०१८ ला जकार्ताला फायनलला जपानकडून २-१ हरलो, रौप्य. २०२३ ला ह्याच हांगझोऊला सेमीला चीनकडून ४-०, मग जपानला हरवून कांस्य. दोन्ही वेळेला तिकीट हुकलं. म्हणून तर म्हणतो की खंडाच्या स्पर्धेत एकच जागा हा आपल्याला कायम नडणारा विषय आहे.

पार्कचौक_वाला | १६ सप्टेंबर, रात्री ९:०३

@सातरस्ता_एक्सप्रेस मग त्या दोन्हीचं पुढं काय झालं ते पण लिही की. जकार्तानंतर २०१९ च्या नोव्हेंबरला भुवनेश्वरला अमेरिकेशी दोन मॅच, एकूण गोलांवर निकाल. पहिल्या दिवशी ५-१ जिंकलो, आम्ही निवांत. दुसऱ्या दिवशी हाफ टाइमला अमेरिका ४-०! म्हणजे सगळा हिशेब ५-५. मी घरात टीव्हीसमोरनं उठून गॅलरीत गेलेलो, बघवतच नव्हतं, आतनं बायकोनं हाक मारली तेव्हा राणी रामपालचा गोल झालेला, ४८ वं मिनिट. ६-५ नं टोकियोला गेलो आणि तिथं ऑस्ट्रेलियाला गुरजितच्या एका गोलवर बाहेर काढून चौथे आलो. लांबच्या रस्त्यानं जाऊन!

आणि २०२३ नंतर रांची. जानेवारी २०२४, पहिल्या तिघांना पॅरिस. पहिलीच मॅच अमेरिकेकडून १-० हरलो, मग न्यूझीलंड, इटलीला हरवून सेमीला, तिथं जर्मनीशी २-२, शूटआऊटला ४-३ गेली, आणि तिसऱ्या जागेसाठी जपानकडून १-०. सहाव्या मिनिटाचा कॉर्नर, नंतर ५४ मिनिटं आपण डोकं आपटत होतो, एक गोल झाला नाही. एकदा रस्ता लागला, एकदा नाही. दोन्ही वेळेला पब्लिक आपलं, मैदान आपलं.

लेफ्ट_हाफ | १६ सप्टेंबर, रात्री १०:२७

रांचीचं नाव काढू नका, अजून झोप उडते. पण त्यावरनं एक दिसतं, जपानशी आपल्याला एका गोलची मॅच खेळता येत नाही. पुढं असलो तर शेवटी खातो, मागं असलो तर शेवटपर्यंत टाकत नाही. चीनचं अंतर मोठं आहे, ते वर्षभरात भरेल असं मला तरी वाटत नाही. जपानचं अंतर मात्र कॉर्नर आणि शेवटची दहा मिनिटं एवढंच आहे, ते कोचनं आणि फिटनेसवाल्यांनी ठरवलं तर भरता येतं. @डी_च्या_बाहेर, म्हणून वर्ल्ड कप सोडून द्या हे पटत नाही. एशियन गेम्सच्या आधी युरोपच्या टीमबरोबर दाबाखाली सहा-सात मॅच मिळायची दुसरी जागा कुठाय आता, प्रो लीग तर गेली.

डी_च्या_बाहेर | १६ सप्टेंबर, रात्री १०:४१

दीपिका फिट नसली तर दोन्हीकडं तेच होणार. दुसरी फ्लिकर तयार करा आधी.

शेंगाचटणी | १७ सप्टेंबर, सकाळी ७:३३

पात्रता स्पर्धेचं वेळापत्रक आलं की कुणीतरी इथं टाका रे, आमच्या गल्लीत पडदा आणि प्रोजेक्टर आहेच. नवरात्रात रूपाभवानीच्या रांगेत भेटतील त्यांना पण सांगून ठेवतो.

विजापूररोड_आई | १७ सप्टेंबर, सकाळी १०:५०

आज क्रीडा कार्यालयात जाऊन आले, फॉर्म निघाले की कळवतो म्हणाले, मी नंबर लिहून दिला आणि त्यांचा घेतला. आता स्टिक घ्यायचीय. लाकडी घेऊ का कम्पोझिट? उंची चार फूट सात इंच आहे. दुकानदार म्हणतोय मोठी घ्या, वाढत्या वयाची आहे.

लेफ्ट_हाफ | १७ सप्टेंबर, सकाळी ११:१८

मोठी अजिबात घेऊ नका, मनगट वाकडं पडतं आणि वाकायची सवय लागत नाही. उभी धरली की कमरेच्या हाडापर्यंत आली पाहिजे, तिच्या उंचीला ३४ इंची बघा, जड वाटली तर परत करा. मुरमावर खेळणार असेल तर महागडी कम्पोझिट पहिल्याच महिन्यात घासून जाईल, आत्ता लाकडी किंवा साधी फायबरची चालेल. आणि ग्रिप स्वतः बदलायला शिकवा तिला.